‘मूर्ख वाटणं चांगलं असतं’ : पीएचडीवाल्यांच्या एका लाडक्या पानाबद्दल

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या सहा महिन्यांत कोणीतरी तुम्हाला एक पीडीएफ पाठवेल. लॅबमधला सीनियर पाठवेल, गाइड पाठवतील, नाहीतर ओरिएंटेशनच्या दिवशी ती पडद्यावर झळकेल. जेमतेम एक पान आहे. शीर्षक ‘द इम्पॉर्टन्स ऑफ स्टुपिडिटी इन सायंटिफिक रिसर्च’, म्हणजे वैज्ञानिक संशोधनात मूर्खपणाचं महत्त्व. लेखक मार्टिन श्वार्ट्झ, पेशीजीवशास्त्रज्ञ, त्या वेळी व्हर्जिनिया विद्यापीठात होते. छापून आलं २००८ साली, ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये.

जीवशास्त्र आणि बायोमेडिकल शाखांमध्ये हे पान प्रसादासारखं वाटलं जातं. प्रयोग चालत नाहीये, रडू येतंय, सोडून द्यावंसं वाटतंय? घ्या, हे वाचा. तुम्ही अजून संशोधनाच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून ते तुमच्या हातात पडण्याआधीच त्यावर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. निबंध चांगला आहे, वाचाच. पण ज्या कामासाठी तो पाठवला जातो त्या कामाला तो पुरा पडत नाही, आणि पुष्कळदा तो पाठवणाऱ्यांनीच नीट वाचलेला नसतो.

निबंध म्हणतो काय?

श्वार्ट्झना बऱ्याच वर्षांनी एक जुनी मैत्रीण भेटते. दोघं एकाच काळात पीएचडी करत होते. तिने मध्येच सोडलं, हार्वर्डला कायदा शिकली, आणि आता एका पर्यावरण संस्थेत मोठी वकील आहे. का सोडलंस, असं विचारल्यावर ती म्हणते की तिथे रोज मूर्ख असल्यासारखं वाटायचं. श्वार्ट्झ चक्रावतात, कारण ही त्यांच्या ओळखीतल्या सर्वांत हुशार माणसांपैकी एक. त्यावर विचार करत राहिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात येतं की विज्ञानात आपल्यालाही मूर्खच वाटतं, फक्त आपल्याला त्याची सवय झाली.

मग ते कारण सांगतात. शाळा-कॉलेजात विज्ञान आवडतं कारण आपल्याला ते ‘येतं’. पेपरात बरोबर उत्तर लिहिलं की हुशार वाटतं. पीएचडीत मात्र प्रश्नच असा असतो की त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. इथे ते स्वतःचा प्रसंग सांगतात. तिसऱ्या वर्षाला असताना ते हेन्री टॉब यांच्याकडे एक अडचण घेऊन गेले. टॉब म्हणजे पुढे १९८३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले. अडचण टॉबच्याच विषयातली होती, आणि टॉब म्हणाले की मला माहीत नाही. तेव्हा श्वार्ट्झना उमजलं की यांना माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच तर हा संशोधनाचा प्रश्न आहे! पुढे दोन-तीन दिवसांत त्यांनी तो सोडवला.

यातून निघणारा धडा असा: आपल्याला जे माहीत नाही ते अमर्याद आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही, खुशाल चाचपडा. पीएचडीचे कार्यक्रम विद्यार्थ्यांना हे शिकवत नाहीत, संशोधन किती अवघड असतं तेही सांगत नाहीत, ही त्यांची तक्रार आहे.

ती तक्रार आपल्याकडे तर जास्तच लागू पडते. सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर आठवा. पार्ट सी मध्ये ७५ प्रश्न असतात, त्यातले कुठलेही २५ सोडवायचे आणि चुकलं की २५ टक्के गुण कापले जातात. वर्ष-दीड वर्ष आपण काय घोटवतो? जे येत नाही ते ओळखून त्याला हात न लावणं! आणि फेलोशिप मिळाली की पहिल्याच दिवशी नेमकं जे येत नाही त्यालाच हात घालायचा असतो. हा सांधा कुणी बदलून देत नाही. श्वार्ट्झचं पान निदान तो सांधा आहे हे तरी सांगतं, त्यासाठी त्यांचे आभार.

पण ‘मूर्ख’ म्हणजे नेमकं काय?

इथून माझी कुरकुर सुरू होते. मराठीत आपल्याकडे यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. ‘अज्ञान’ म्हणजे माहीत नसणं. ‘अडाणी’ म्हणजे ज्याला कुणी शिकवलंच नाही. ‘ढ’ म्हणजे वर्गातल्या इतरांना येतं आणि याला येत नाही. शिवाय रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगताना शेवटचा समास राखून ठेवलाय तो ‘पढतमूर्खा’साठी, म्हणजे शिकूनसवरून मूर्ख राहिलेल्यासाठी.

श्वार्ट्झना अभिप्रेत आहे ते अज्ञान, सगळ्या जगाचं मिळून असलेलं. ‘ढ’पणा वेगळा, हे ते स्वतःच एका ठिकाणी म्हणतात: वर्गातली बाकीची मुलं वाचून येतात, त्यांना जमतं आणि तुम्हाला नाही, ते मी म्हणत नाहीये. ठीक. पण एवढं म्हणून ते पुढे जातात. प्रत्यक्षात लॅबमध्ये बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला आतून जे वाटतं ते चारही बाबतींत सारखंच असतं. पोटात गोळा येतो आणि वाटतं, ‘मलाच कळत नाहीये.’ ही भावना कुठल्या खात्यातली, हे ती भावना स्वतः सांगत नाही. ते शोधावं लागतं, आणि कसं शोधायचं यावर निबंध गप्प आहे.

गोष्ट पुन्हा वाचा, सावकाश

टॉबचा प्रसंग सगळ्यांना आवडतो. पण त्यातला क्रम बघा. श्वार्ट्झ एकटे खोलीत बसून ‘कुणालाच माहीत नाही’ या निष्कर्षाला आलेले नाहीत. त्यांचा विषय दोन-तीन शाखांच्या सीमेवरचा होता. त्यामुळे अडलं की ते विभागातल्या त्या-त्या तज्ज्ञाकडे जाऊन त्याला भंडावून सोडायचे. हे त्यांनीच लिहिलंय. म्हणजे आधी विचारणं आलं, पुष्कळ विचारणं, मग त्या विषयातल्या सर्वांत जाणत्या माणसाचं ‘माहीत नाही’, आणि त्यानंतर ती मोकळीक.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला टॉबसारख्या माणसाच्या दारावर टकटक करता आली, प्रश्न धडपणे मांडता आला, आणि समोरच्याने न चिडता खरं उत्तर दिलं. या तीन गोष्टी नसत्या तर ते पान लिहिलंच गेलं नसतं. निबंधातलं खरं औषध हे आहे. शीर्षकात मात्र ‘मूर्खपणा’ आला आणि विचारणं मागे राहिलं.

म्हणून हे पान ‘जा, तुझं तू शोध’ असं सांगायला वापरलं जातं तेव्हा मला खटकतं. माझ्या माहितीतल्या एका लॅबमध्ये एका मुलाचे तीन महिने एका अँटिबॉडीपायी गेले. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टीच दिसत नव्हती. त्याला हा निबंध पाठवण्यात आला. शेजारच्या बेंचवरच्या पोस्टडॉकला माहीत होतं की त्या बाटलीतलं द्रावण अनेकदा गोठवून-वितळवून निकामी झालंय. आता सांगा, यात कसलं आलंय अमर्याद अज्ञान? उत्तर चार फुटांवर होतं.

ती मैत्रीण कुठे गेली?

निबंध सुरू होतो तिच्यापासून, आणि मग तिला विसरतो. ती कुठल्या लॅबमध्ये होती? तिचे गाइड कसे होते? ती अडली तेव्हा कुणाच्या दारावर जाऊ शकत होती? काहीच कळत नाही. तिला मूर्ख वाटायचं आणि ती गेली, मलाही वाटायचं आणि मी राहिलो, कारण मला सवय झाली. बास. पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्यांनाच फक्त विचारलं तर वाट बरीच म्हणतील. जे अर्ध्या वाटेतून परतले त्यांचे पाय कशाने सोलवटले, तेही ऐकायला हवं.

२०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त टेरेसा इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी एक सर्वेक्षण छापलं. २६ देशांतले २,२७९ जण, बहुतेक पीएचडीचे. त्यात ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं दिसली. हा आकडा जपून वापरा. ईमेल आणि समाजमाध्यमांवरून ज्यांनी आपणहून उत्तरं दिली त्यांचाच हा नमुना आहे, आणि ज्यांना त्रास होतोय ते अशा प्रश्नावल्या जास्त भरत असतील. त्यामुळे ‘शंभरातल्या ४१ जणांना होतं’ असं म्हणता येत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांना त्रास होता त्यांच्यापैकी पुष्कळांनी गाइडकडून खरं मार्गदर्शन मिळत नसल्याचं नोंदवलं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे अशा सर्वेक्षणातून ठरत नाही. पण ‘सवय करून घ्या’ एवढ्याने भागत नाही, हे म्हणायला ते पुरेसं आहे.

४८ की ४६?

आता मूर्ख वाटण्याच्या एका तिसऱ्याच प्रकाराकडे या. श्वार्ट्झच्या पानात तो मुळीच नाही, आणि तुमच्या वाट्याला तो नक्की येणार.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? आज आठवीतलं पोर ४६ सांगेल. पण टेक्सास विद्यापीठातल्या थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये ४८ हा आकडा दिला, आणि तो तीस वर्षांहून जास्त काळ पाठ्यपुस्तकांत टिकला. गंमत म्हणजे १९२१ मध्ये खुद्द पेंटरनीच नोंदवलं होतं की सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या पेशींत ४६ मिळतात. मग ते ४८ वर स्थिरावले. तेव्हाचं तंत्र बघता यात हसण्यासारखं काही नाही. उतींचे पातळ काप, एकमेकांवर चढलेली गुणसूत्रं, त्यातून मोजायचं.

पुढे तंत्र सुधारलं. पेशी सौम्य क्षारद्रावणात फुगवल्या की गुणसूत्रं सुटी होतात, हे कळलं. कॉल्चिसिन वापरलं की विभाजन नेमक्या टप्प्यावर थांबतं. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला जो हिन चिओ यांनी मानवी भ्रूणाच्या फुप्फुसातल्या पेशींची गुणसूत्रं मोजली, ती ४६ भरली. चिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांचा पेपर १९५६ मध्ये ‘हेरेडिटास’मध्ये आला. त्यात एक बारीकशी नोंद आहे. त्यांच्याच ओळखीतल्या संशोधकांनी त्याआधी मानवी भ्रूणाच्या यकृतातल्या पेशींवर काम सुरू केलं होतं, आणि ते तात्पुरतं बाजूला ठेवलं होतं. का? तर त्यांना ४८ सापडेनात, ४६च सापडत होती!

पुन्हा वाचा. उत्तर त्यांच्या स्लाइडवर होतं. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून त्यांनी काम थांबवलं. हे अज्ञान नव्हे आणि ‘ढ’पणा तर नव्हेच. पुस्तक एक सांगतंय, डोळ्यांना दुसरं दिसतंय, आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांना दोष देतो.

त्याची किंमतही होती. मूळ आकडाच चुकीचा असेल तर एखाद्या रुग्णात एक गुणसूत्र जास्त आहे हे ओळखणार कसं? डाउन सिंड्रोममध्ये ४७ असतात हे १९५९ मध्ये, म्हणजे ४६ पक्कं झाल्यावर तीनच वर्षांत, छापून आलं.

अशा वेळी ‘मूर्ख वाटतंय? छान, म्हणजे तू विज्ञान करतोयस’ हा सल्ला उलटा पडतो. त्या संशोधकांना मूर्ख वाटण्याची सवय नको होती. ‘माझं मोजमाप मी तीनदा तपासलंय, आता पुस्तक तपासूया’ असं म्हणणारा जोडीदार हवा होता.

‘माहीत नाही’ म्हणणं परवडतं कोणाला?

टॉब ‘माहीत नाही’ म्हणाले तेव्हा त्यांचं काय गेलं? काहीच नाही. उलट त्यांचा मोठेपणाच दिसला. आता पहिल्या वर्षाची मुलगी लॅब मीटिंगमध्ये तेच वाक्य म्हणते. ती तालुक्याच्या गावातून आली आहे, बारावीपर्यंत मराठीतून शिकली आहे, घरातली पहिली पदवीधर आहे. तिचं ‘आय डोन्ट नो’ लोक कसं ऐकतात? विज्ञानाची सीमा आली असं कुणी म्हणत नाही. पाया कच्चा आहे, असं म्हणतात. वाक्य तेच, पण हिशोब वेगवेगळ्या खात्यात मांडला जातो.

मोठ्या विद्यापीठात हे जास्त जाणवतं. तिथे माहितीचा तुटवडा नसतो. मायक्रोस्कोपीची सुविधा, सिक्वेन्सिंगची सुविधा, शंभर लॅब, प्रत्येक विषयाचा कुणीतरी जाणकार असतो. पण कोणत्या इमारतीत कोणाकडे जायचं, ईमेल कसा लिहायचा, पोस्टडॉकला ‘सर’ म्हणायचं की नावाने हाक मारायची, हे कुठल्याही हँडबुकात नसतं. ज्याच्या घरात कुणी पीएचडी झालेलं आहे त्याला ते जेवणाच्या टेबलावर कळलेलं असतं. बाकीच्यांना मूर्ख वाटतं. श्वार्ट्झच्या पानाला हा फरक दिसत नाही, कारण ते ‘आपण सगळे सारखेच अज्ञानी’ या वाक्यावर उभं आहे. विश्वापुढे असू सारखे, लॅब मीटिंगमध्ये नसतो.

आणि संकोचाची किंमत फक्त विद्यार्थी भरत नाही. हेला पेशींचं उदाहरण घ्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये वाढवलेल्या या पेशी इतक्या दांडग्या की दुसऱ्यांच्या बाटल्यांत शिरून तिथल्या पेशींना हुसकावतात. वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशीवंशांत प्रत्यक्षात हेलाच आहेत, हे स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्ये एका एन्झाइमच्या प्रकारावरून दाखवलं. त्यानंतरही कित्येक दशकं चुकीच्या नावाच्या पेशींवर पेपर निघत राहिले. हे जगाचं अज्ञान नव्हतं. जगाला माहीत होतं, लॅबने विचारलं नाही. पढतमूर्खपणा म्हणतात तो हाच. ‘या पेशी नक्की त्याच आहेत ना?’ हा प्रश्न नव्या विद्यार्थ्याला सुचतो, कारण तो नवा असतो. तो त्याने गिळला की नुकसान सगळ्यांचं.

मग करायचं काय?

निबंध वाचा, पण सोबत एक कागद घ्या. अडलात आणि पोटात तो गोळा आला की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: हे या इमारतीत कुणाला तरी माहीत असेल का? तंत्र, रसायनं, यंत्र, सॉफ्टवेअर यांबद्दलच्या अडचणींचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. मग दोन दिवस स्वतः झटा, काय-काय करून पाहिलं ते वहीत लिहा, आणि ती वही घेऊन विचारायला जा. ‘चालत नाहीये’ असं म्हणू नका. ‘पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये पट्टी येते, माझ्या नमुन्यात येत नाही, प्रोटीनचं प्रमाण मोजलंय’ असं म्हणा. असा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा कुणी ढ समजत नाही. आणि समजलंच, तर तो माणूस कसा आहे हे तुम्हाला फुकटात कळलं.

दुसरा: मला जे दिसतंय ते पुस्तकाशी जुळत नाही, म्हणून मी घाबरलोय का? तसं असेल तर काम थांबवू नका. पुन्हा मोजा, दुसऱ्या कुणाला नमुन्यांची नावं झाकून मोजायला सांगा, कंट्रोल वाढवा. बहुतेकदा तुमचंच चुकलेलं निघेल, तेही कळलेलं बरं. पण एखाद्या वेळी ती ४६ असतात.

तिसरा: जाणकारांना विचारून झालं, साहित्य धुंडाळून झालं, आणि खरंच कुणाकडे उत्तर नाही? मग श्वार्ट्झचं पान काढा आणि निवांत वाचा. ते याच क्षणासाठी लिहिलेलं आहे, आणि या क्षणी त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

लॅब निवडतानाही याचा उपयोग करा. रोटेशनला किंवा मुलाखतीला जाल तेव्हा गाइडच्या पेपरांची यादी बघालच. त्याबरोबर एका लॅब मीटिंगला मागे बसायची परवानगी मागा. तिथे ‘माहीत नाही’ कोण म्हणतं ते मोजा. फक्त गाइड म्हणत असतील आणि विद्यार्थी गप्प असतील तर सावध व्हा. कुणीच म्हणत नसेल तर दुसरी लॅब बघा. पहिल्या वर्षाची मुलगी म्हणाली आणि कुणीतरी खुर्ची सरकवून ‘चल, बघूया’ म्हणालं, तर त्या लॅबचा फॉर्म भरा.

आणि उद्या तुम्ही सीनियर झालात, ज्युनियर रडवेला होऊन तुमच्याकडे आला, तर पीडीएफ पाठवण्याआधी त्याच्या बेंचपाशी जाऊन बाटलीवरची तारीख बघा.